हनुवटी

गुरुवारी शाळा भरते.
म्हणजे मी कुलूप काढते, शेगडीत दोन लाकडं टाकते
आणि रक्तदाबाचं यंत्र
मास्तरांच्या टेबलावर मांडते.
शेवटचं पोर पास होऊन गेलं त्याला एकोणीस वर्षं झाली.
बाकं तीच, बुटकी.
आता जे बसतात त्यांचे गुडघे त्यात मावत नाहीत,
सगळे तिरके बसतात, पाय वाटेत सोडून,
आणि मी हजेरी घेत ते पाय ओलांडत जाते.

स्तोयांका. साखर दोनशे साठ.
"द्राक्षं पिकलीत, मुली, मी काय करू?"
तिचं इन्सुलिन विहिरीत असतं,
बादलीत, कलिंगडाच्या शेजारी.
वीज जाते. विहीर कुठे जात नाही.

क्रूम. गोळ्यांच्या डबीचे सात खण:
सोमवार रिकामा, मंगळवार भरलेला,
बुधवार रिकामा.
"विसरलो," म्हणतो.
इतकं शिस्तीत कुणी विसरत नाही, क्रूम.
महागाची गोळी दिवसाआड घेतली
की पेन्शन येईतो पुरते, हे गणित
तो याच फळ्यावर शिकला.

पेत्को, अडुसष्ट. गावातला सगळ्यात लहान.
त्याला अजून 'पोरगा' म्हणतात
आणि कौलं सरकली की छपरावर चढवतात,
छाती शिवून आणली आहे तरी.

दाराच्या आतल्या बाजूला अक्षरं, चित्रांसकट.
बाहेरच्या बाजूला काळ्या चौकटीतले कागद:
चाळीस दिवस झाले, सहा महिने झाले, वर्ष झालं.
फोटोतल्या प्रत्येक दंडाला
मी कधी ना कधी पट्टा बांधलेला आहे.

आणि मेतोदी.
आमच्याकडे मान आडवी हलली की हो,
हनुवटी वर उचलली की नाही.
परक्या माणसाची इथे फसगत होते.
मेतोदीच्या हातातला कंप गेल्या हिवाळ्यात मानेत चढला,
डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे,
झोपेत तेवढा थांबतो.
तेव्हापासून तो सगळ्याला हो म्हणतो.
बोकड विकायचा? हो.
बांधावरचा अक्रोड तोडू? हो.
नंदीबैल केला त्याचा सगळ्यांनी,
बोकड गेला, अक्रोड गेला,
आणि जीभ तर आधीच जड झालेली.

त्याची रुमियाना सारागोसाला असते.
दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालते
आणि त्यातून बापाचे पैसे पाठवते.
शहरातल्या वृद्धाश्रमात एक खाट रिकामी झाली
(खाट कशी रिकामी होते, ते कुणी विचारत नाही),
कारकून फॉर्म घेऊन आला,
म्हणाला, "सही जमत नसेल तर राहू दे, मान पुरे."
मी फोन धरला. पडद्यावर रुमियाना,
बाह्या कोपरापर्यंत ओल्या, मागे कुणाची तरी पांढरी फरशी.
"बाबा, जाल ना?"
मान: हो, हो, हो, हो.
कारकुनाने पेनचं टोपण काढलं.

मेतोदीने दोन्ही हात वर आणले.
वेळ लागला. हात थरथरत होते,
एक कानाला लागला, एक गालावरून घसरला.
मग दोन्ही पंजे हनुवटीखाली टेकवून,
जशी जड बादली कठड्यावर घेतात तशी,
त्याने स्वतःची मान वर उचलली.
आणि धरून ठेवली.

बाहेर पावाच्या गाडीचा भोंगा वाजला.
कुणी उठलं नाही.
स्तोयांकाच्या बोटावरचा रक्ताचा थेंब
तसाच फुगत राहिला, पट्टीची वाट बघत.

मला माहीत आहे, विस्तव त्याच्याने पेटत नाही,
शर्टाची बटणं शेजारीण लावते,
येत्या बर्फात तो पडला
तर मला कळेल ते गुरुवारी.
हे सगळं फॉर्मवर होतं. खरंच होतं.

मी फोन जरा खाली केला, तिला हात दिसावेत म्हणून.
ती बघत राहिली.
तिच्याकडे कुठेतरी नळ चालू होता.
मग तिची मान आडवी हलली,
एकदाच, सावकाश.
तिला कंप नाही.